कॉलेजची फी, शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज : ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आमच्या अभ्यासिकेतल्या मदतीच्या टेबलावर गर्दी सुरू होते, ती थेट थंडीपर्यंत राहते. कळवा, दिवा, घणसोली, तुर्भे, कामोठे, कधी मुरबाड-शहापूरहूनसुद्धा मुलं येतात. बहुतेकांसोबत आई असते आणि तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद असतात. रात्री उशिरापर्यंत व्हॉट्सॲपवर प्रश्न येत राहतात. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फी परवडत नाही म्हणून मिळालेली सीट सोडून दिलेली मुलं आम्ही पाहिली आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी मदत मिळाली असती. कोणी सीट सोडायचा विचार करत असेल तर आधी प्रश्न १० वाचा, मग बाकीचं.

१. शिष्यवृत्ती, फ्रीशिप, ईबीसी, निर्वाह भत्ता... हे सगळं एकच आहे का?

नाही. शिष्यवृत्तीत फीसोबत थोडी रक्कम हातखर्चासाठीही मिळते. फ्रीशिपमध्ये फक्त शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होतं. ईबीसी म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. ती जातीच्या आरक्षणात न येणाऱ्या, पण उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबांसाठी आहे. निर्वाह भत्ता हा राहण्या-जेवण्याचा, त्याचा फीशी संबंध नाही (प्रश्न १३). कर्ज मात्र परत करायचं असतं. ते शेवटी बघायचं, म्हणून इथेही ते शेवटाकडे आहे (प्रश्न १६).

राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आहेत. केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहेत. दोन्हींची नोंदणी वेगवेगळी करावी लागते.

२. बाबांचा पगार महिना चाळीस हजार आहे. आम्हाला काही मिळेल का?

मिळू शकतं. "आमचा पगार आहे, आम्हाला कोण देणार" असं म्हणून कितीतरी घरं अर्जच करत नाहीत. चाळीस हजार महिना म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार, आणि बऱ्याच योजनांची मर्यादा ८ लाख आहे. ढोबळ चित्र असं :

खुला प्रवर्ग किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमात मुलांना ईबीसीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. ओबीसी मुलांनाही ८ लाखांच्या आत निम्मं शुल्क. विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला ८ लाखांच्या आत पूर्ण शुल्क. अनुसूचित जाती आणि जमातीला अडीच लाखांपर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अडीच लाखांच्या वर फ्रीशिप. मुलींचं गणित वेगळं आहे, ते प्रश्न ३ मध्ये.

आणखी एक सवलत लोकांच्या नजरेतून सुटते : टीएफडब्ल्यूएस. इंजिनिअरिंगसारख्या तांत्रिक अभ्यासक्रमांत ५ टक्के जादा जागा अशा असतात, जिथे शिक्षण शुल्क पूर्ण माफ असतं. कॅपचा, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, अर्ज भरतानाच ती निवडावी लागते, नंतर मागता येत नाही. कट-ऑफ बराच वर जातो हे खरं, पण मार्क चांगले असतील आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर पसंतीक्रमात ती वर टाका. ही जागा घेऊन नंतर कॉलेज बदललं तर सवलत सोबत येत नाही.

३. मुलींना शिक्षण फुकट झालंय ना? मग कॉलेज फी कशी काय मागतं?

सगळ्यात जास्त गोंधळ याच प्रश्नावर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळाली. आधी ती ५० टक्के होती. निर्णय २०२४-२५ पासून लागू झाला आणि आधीच शिकत असलेल्या मुलींनाही, अर्जाचं नूतनीकरण केल्यावर, तो लागू आहे. अनाथ मुलामुलींनाही त्याचा लाभ आहे.

पण चार अटी आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. अभ्यासक्रम व्यावसायिक हवा. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून हवा. आणि संस्था खासगी अभिमत विद्यापीठ किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ नको. नवी मुंबईत ही शेवटची अट फार जणींना लागते, कारण इथल्या बऱ्याच मोठ्या, झगमगीत कॅम्पसच्या पाटीवर "अभिमत विद्यापीठ" लिहिलेलं असतं आणि ते कोणी नीट वाचत नाही. प्रवेश घेण्याआधी वाचा.

दुसरं म्हणजे सवलत शिक्षण आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास निधी, ग्रंथालयाचं डिपॉझिट, बसची फी, हॉस्टेल, युनिफॉर्म यांना नाही. कॉलेज पंधरा-वीस हजार मागतंय म्हणून लगेच फसवणूक समजू नका. आधी फीचा तपशील लेखी मागा. त्यात "शिक्षण शुल्क" हाच रकाना भरलेला असेल तर प्रश्न १० वाचा.

४. कोणकोणते कागद लागतात आणि कधीपासून जमवायचे?

एप्रिलपासून. निकालाची वाट बघू नका. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर रांग जिन्यावरून खाली येते आणि एका दाखल्याला आठवडे लागतात. माझ्या धाकट्या भावाचं एक वर्षाचं अनुदान केवळ उत्पन्नाचा दाखला उशिरा मिळाल्याने गेलं. अर्जाची खिडकी बंद झाली आणि चौथ्या दिवशी दाखला हातात आला. आईने त्या वर्षी गळ्यातली माळ मोडली. तेव्हापासून मी या टेबलावर बसते.

लागणारे कागद : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, कॉलेजची फी पावती, आधार आणि बँक पासबुक. आरक्षित प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र (प्रश्न ७). ओबीसी, एसईबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचं) प्रमाणपत्र. मध्ये वर्ष गेलं असेल तर खंडाबाबतचं प्रतिज्ञापत्र.

नाव सगळीकडे एकसारखं आहे का ते आधी बघा. आधारवर "दिपक", गुणपत्रिकेवर "दीपक" आणि पासबुकात वडिलांचं नाव मधे, आडनाव पुढे, असा अर्ज हमखास अडकतो. इंग्रजी स्पेलिंगही जुळवा. आधार दुरुस्त करणं सर्वांत सोपं, म्हणून गुणपत्रिकेप्रमाणे आधार करून घ्या.

५. आम्ही खारघरला राहतो. दाखल्यासाठी ठाण्याला जायचं की पनवेलला?

पनवेलला. नवी मुंबई म्हटलं की सगळं एकच वाटतं, पण महसुलाच्या नकाशात ती दोन जिल्ह्यांत आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर हे ठाणे तालुका, ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल तालुका, रायगड जिल्हा. त्यामुळे त्यांची समाज कल्याणसारखी जिल्हा कार्यालयं अलिबागला आहेत. बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय कार्यालयं आहेत. तिथे थेट दाखला मागायला जाऊन हेलपाटा घालू नका.

आदिवासी विकास विभागाचं काम असेल तर ठाणे जिल्ह्यासाठी प्रकल्प कार्यालय शहापूरला आहे, रायगडसाठी पेणला.

दाखल्यांचे अर्ज आपले सरकार पोर्टलवरून घरबसल्याही करता येतात. फोटो स्पष्ट काढा. अंधुक स्कॅनमुळे अर्ज फेटाळला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

६. बाबा रिक्षा चालवतात, आई चार घरी पोळ्या करते. फॉर्म १६ नाही. उत्पन्न कसं दाखवायचं?

फॉर्म १६ फक्त नोकरदारांसाठी. बाकीच्यांसाठी स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा चौकशी अहवाल चालतो, त्यावर तहसीलदार दाखला देतात. रिक्षाचं परमिट, रेशन कार्ड, वीज बिल सोबत ठेवा. गावाकडे शेती असेल तर सातबाराही. शेतीचं उत्पन्न लपवू नका, पुढे पडताळणीत निघालं तर सगळंच रद्द होतं. दाखल्यावर आई आणि वडील दोघांचंही उत्पन्न धरलेलं असायला हवं.

दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्चचा लागतो. मागच्या वर्षी काढलेला एक वर्षाचा दाखला यंदा चालत नाही. शक्य असेल तर तीन वर्षांचा मागा, म्हणजे दर वर्षीची एक फेरी वाचते.

७. जातीचा दाखला गावचा आहे, वैधता अजून नाही. काय करू?

ठाण्यातल्या बहुतेक कुटुंबांचं मूळ सातारा, रत्नागिरी, जळगाव, बीड असं कुठेतरी असतं. जातीचा दाखला आता राहतो तिथून मिळत नाही. ठरलेल्या मानीव तारखेला तुमचे वडील किंवा आजोबा जिथे राहत होते तिथून मिळतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी, विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा १९६५ सालीच ठाण्यात मिलमध्ये लागले असतील आणि त्याचा पुरावा असेल, तर ओबीसी दाखला इथूनही होऊ शकतो. म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला, कामाचं जुनं कार्ड, भाडेपावती असं काहीही टाकून देऊ नका.

वैधतेचा अर्जही ज्या जिल्ह्यातून दाखला निघाला त्या जिल्ह्यासाठीच्या पडताळणी समितीकडे जातो. वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करा. वडिलांची, सख्ख्या काकांची किंवा आत्याची वैधता असेल तर तिची प्रत जोडा, काम सोपं होतं. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र हातात नसेल तर अर्जाची पोच जपून ठेवा. त्या वर्षी किती मुदत दिली आहे ते प्रवेश परीक्षा आणि कॅप घेणाऱ्या सीईटी सेलच्या सूचनेत असतं. ती मुदत हुकली तर आरक्षणातली सीट धोक्यात येते, शिष्यवृत्ती तर पुढची गोष्ट.

८. महाडीबीटीचा अर्ज स्वतः भरता येतो का? सायबर कॅफेवाला पाचशे रुपये मागतो.

येतो, मोबाइलवरूनही, फक्त शांतपणे बसावं लागतं. आधार ओटीपीने नोंदणी करा, प्रोफाइल पूर्ण भरा, मग "पात्र योजना" उघडा. इथे एक गाठ आहे. प्रोफाइलमध्ये उत्पन्न, जात किंवा अभ्यासक्रम चुकीचा भरला तर तुमची योजना यादीत दिसतच नाही, आणि मुलं समजतात की आपण अपात्र आहोत. योजना दिसत नसेल तर आधी प्रोफाइल तपासा. कॅपचा अर्ज क्रमांक आणि प्रवेशाची तारीखही नीट टाका.

एकच योजना वेगवेगळ्या विभागांच्या नावाखाली दिसते. इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए यांच्यासाठी तंत्रशिक्षण संचालनालय. बीए, बीकॉम, बीएस्सी, लॉ, बीएडसाठी उच्च शिक्षण संचालनालय. एमबीबीएस, नर्सिंगसाठी वैद्यकीय शिक्षण. चुकीच्या विभागात भरलेला अर्ज कॉलेजला मंजूर करता येत नाही.

कॅफेत भरलाच तर मोबाइल नंबर आणि पासवर्ड स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याच्या नंबरवर नोंदलेले अर्ज नूतनीकरणाच्या वेळी उघडत नाहीत. आणि "मंजूर करून देतो, दोन हजार द्या" म्हणणाऱ्याला काहीही देऊ नका. मंजुरी कॉलेज आणि सरकारी कार्यालयातूनच होते.

अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं नाही. छापील प्रत आणि कागद कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर द्यावे लागतात. कॉलेजच्या लॉगिनमधून अर्ज पुढे गेला का, हे दर पंधरा दिवसांनी बघा.

९. पोर्टलवर पैसे जमा झाल्याचं दिसतं, पण खात्यात काहीच नाही!

घाबरू नका, पैसे बहुधा तुमच्याच दुसऱ्या खात्यात गेले आहेत. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. तुमच्या आधारला एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेच्या नोंदीत जी बँक जोडलेली आहे तिथे जातात. शाळेत असताना उघडलेलं खातं, जनधन खातं, गॅस सबसिडीसाठी जोडलेलं खातं, यांपैकी जे शेवटी जोडलं गेलं ते. दिव्याच्या एका मुलीचे पैसे सहा महिने तिच्या गावच्या बँकेत पडून होते आणि घरात कोणालाच माहीत नव्हतं.

माय आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" बघा, बँकेचं नाव दिसतं. बदलायचं असेल तर नव्या बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग" असं स्पष्ट सांगून फॉर्म भरा. केवायसीसाठी आधार दिलेलं असणं म्हणजे सीडिंग नव्हे.

आणखी एक अडचण छोट्या खात्यांची. मर्यादित कागदांवर उघडलेल्या छोट्या बचत खात्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षात १ लाखाच्या वर जमा होत नाही. फीची मोठी रक्कम तिथून परत जाते. पूर्ण केवायसी करून ते खातं नेहमीचं करून घ्या.

१०. कॉलेज म्हणतं आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. भरू का?

ईबीसी किंवा ओबीसी मुलगा असेल तर प्रवेशाच्या वेळी सवलत वजा करून उरलेलंच शुल्क घ्यायचं, पूर्ण माफी असेल तर शिक्षण शुल्क घ्यायचं नाही, अशा शासनाच्या सूचना कॉलेजांना आहेत. तरीही खिडकीवर बसलेला माणूस "आम्हाला माहीत नाही" म्हणतो, आणि तिथे रडकुंडीला आलेली आई उसने पैसे आणायला निघते. आई, थांबा.

आधी फीची मागणी लेखी मागा. प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या : मी अमुक योजनेला पात्र आहे, तिचा शासन निर्णय जोडला आहे, सवलतीप्रमाणे शुल्क घ्यावं. पोच घ्या. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर अभ्यासक्रमाप्रमाणे तंत्रशिक्षण किंवा उच्च शिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांकडे, आणि अनुसूचित जाती असल्यास समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे तीच तक्रार पाठवा. अर्जाची भाषा नम्र ठेवा. मुलाला तिथे चार वर्षं काढायची आहेत. आमच्याकडच्या बऱ्याच प्रकरणांत पोच घेतलेल्या अर्जानेच काम झालं.

फी थकली म्हणून मूळ गुणपत्रिका किंवा दाखले कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेत हे स्पष्ट आहे. आणि प्रवेश निश्चित करायची शेवटची तारीख उद्याच असेल, तर भांडण बाजूला ठेवून सीट वाचवा, पावती घ्या, परताव्यासाठी नंतर लढा.

११. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला. ईबीसी मिळेल का?

नाही. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्था स्तरावरच्या प्रवेशाला ईबीसी आणि मुलींची माफी मिळत नाही. "आमच्याकडे थेट प्रवेश घ्या, शिष्यवृत्ती करून देतो" असं कोणी म्हणत असेल तर ते लेखी मागा. ते देणार नाहीत.

१२. दोन योजना एकाच वेळी घेता येतात का?

फीच्या दोन योजना नाहीत. फीची एक आणि राहण्याचा निर्वाह भत्ता, हे चालतं. राज्याची फी सवलत आणि केंद्राची प्रश्न १४ मधली शिष्यवृत्ती एकत्र चालत नाहीत. दोन्हींची रक्कम मांडून जास्त फायद्याची ठेवा. खासगी ट्रस्टच्या मदतीला सहसा अडचण नसते, पण त्यांच्या अर्जात दुसऱ्या मदतीची माहिती खरी लिहा.

१३. मुलगा जव्हारहून ठाण्यात शिकायला आलाय, खोली भाड्याने घेतली आहे. खर्चाला काही आहे का?

आहे, आणि रक्कम चांगली आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी प्रवर्गाप्रमाणे तीन योजना आहेत : अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं, आणि ओबीसी, विमुक्त-भटक्या, विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. ठाणे आणि नवी मुंबई या योजनांत मुंबई-पुण्याच्याच गटात आहेत. स्वाधारमध्ये इथे भोजनाला ३२ हजार, निवासाला २० हजार आणि निर्वाहाला ८ हजार असे वर्षाला ६० हजार मिळतात. इंजिनिअरिंग-मेडिकलला साहित्यासाठी वर ५ हजार.

वसतिगृहाचा अर्ज आधी करा, तो टाळून थेट स्वाधार मागता येत नाही. कॉलेज ज्या शहरात आहे तिथलाच रहिवासी चालत नाही, म्हणून कळव्याच्या मुलाला ठाण्यातल्या कॉलेजसाठी ही योजना नाही. भाडेकरार खरा हवा, कारण खोलीची पाहणी होऊ शकते.

आरक्षणात न येणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पालक अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर तिचा उपयोग होतो, ईबीसीसोबत ती घेता येते.

१४. केंद्र सरकारच्या कोणत्या योजना बघाव्यात?

दोन तरी बघाच. बारावीला तुमच्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे ८० टक्के मुलांच्या पुढे, ८० टक्के गुण नव्हे) असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती : पदवीला वर्षाला १२ हजार, पदव्युत्तरला २० हजार. बीए-बीएस्सीच्या मुलांसाठी ती विशेष उपयोगाची, कारण त्यांची फीच मुळात कमी असते. दुसरी एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती, तांत्रिक पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षातल्या मुलींसाठी, वर्षाला ५० हजार, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. दिव्यांगांसाठी तशीच सक्षम.

१५. बाबा टीटीसी एमआयडीसीत कंपनीत आहेत, मामा बांधकामावर. कामगारांसाठी वेगळं काही असतं का?

असतं, आणि फार कमी घरांना माहीत असतं. बाबांची जून आणि डिसेंबरची पगारपावती काढा. त्यात कामगार कल्याण निधीची छोटीशी कपात दिसली, तर कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो.

बांधकाम कामगारांचं मंडळ तर मोठी मदत करतं. मामांची मंडळात नोंदणी चालू असेल तर दोन मुलांपर्यंत पदवीला वर्षाला २० हजार, इंजिनिअरिंगला ६० हजार, वैद्यकीयला १ लाख. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं. प्लास्टर, रंगकाम, सेंट्रिंग, फरशी बसवणं हे सगळं बांधकामातच येतं. घणसोली-तुर्भ्याच्या वस्त्यांत नोंदणी नसलेले किती तरी गवंडी भेटतात. मुलं बारावीत जाण्याआधी ही नोंदणी करून घ्या.

नवी मुंबईतल्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांनी सिडकोच्या विद्यावेतनाची चौकशी करावी. महापालिकांच्या समाज विकास विभागातही विचारा.

१६. एवढं करूनही पैसे कमी पडतात. शैक्षणिक कर्ज घ्यावं का? घर गहाण ठेवावं लागेल का?

४ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. ४ ते साडेसात लाखांत तारण सहसा लागत नाही, बँक हमीदार मागू शकते किंवा केंद्राच्या पत हमी निधीतून कर्ज देऊ शकते. साडेसात लाखांच्या वर तारणाचा प्रश्न येतो. ६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ठरलेल्या दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि हमीदार दोन्ही लागत नाहीत, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर आधी बघा.

हप्ते शिक्षण संपून वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. दर वर्षी १ लाख असं चार वर्षं १० टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता सुरू होईपर्यंत सरळ व्याजानेच सुमारे १ लाख ४० हजार चढलेले असतात. चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार. म्हणून शक्य असेल तर व्याज शिकतानाच भरत जा. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाच्या काळातलं हे व्याज केंद्र सरकार भरण्याची योजना आहे. कर्ज घेतानाच बँकेला उत्पन्नाचा दाखला द्या. ओबीसींसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त महामंडळाची व्याज परतावा योजनाही आहे : देशात १० लाख, परदेशात २० लाखांपर्यंतच्या कर्जावर.

शाखा व्यवस्थापक "इथे होत नाही" म्हणाला तर नकार लेखी मागा. बऱ्याचदा त्यानंतर "बघतो" असं उत्तर येतं.

१७. एक विषय राहिला आहे. शिष्यवृत्ती बंद होईल का?

एटीकेटी घेऊन, म्हणजे राहिलेला विषय सोबत ठेवून, पुढच्या वर्षाला गेलात तर नूतनीकरण करता येतं. त्याच वर्गात पुन्हा बसलात तर त्या वर्षाचे पैसे मिळत नाहीत, पुढच्या वर्गात गेल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. मध्येच दोन किंवा अधिक वर्षांचा खंड पडला तर ईबीसी जाते. नूतनीकरण आपोआप होत नाही, दर वर्षी करावं लागतं. दुसऱ्या वर्षाचे अर्ज विसरलेली मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांपेक्षा जास्त असतात.

१८. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीचे निम्म्याहून जास्त पैसे मुलाच्या खात्यात आले. ते आमचे का?

फीचा भाग कॉलेजचा आहे. या योजनेत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि राज्याचा ४० टक्के वेगळा येतो. खात्यात आलेल्या रकमेतली फी आठवड्याभरात कॉलेजला भरायची असते, निर्वाह भत्ता तुमचा. घरात अडचण असते, गणपती तोंडावर असतात, पैसे खर्च होतात. मग कॉलेज निकाल अडवतं आणि मूल मधल्या मध्ये भरडलं जातं. आलेल्या दिवशीच फी भरून पावतीचा फोटो काढून ठेवा.

१९. घरात तिसरं अपत्य आहे. आणि आई-वडील वेगळे राहतात. अशा वेळी?

ईबीसी एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळते. तिसऱ्यासाठी प्रश्न १४, १५ मधले मार्ग बघा. कोणाला ईबीसी द्यायची हे ठरवताना जास्त फीच्या अभ्यासक्रमाला द्या. मोठी बीकॉम आणि धाकटा इंजिनिअरिंग असेल तर मोठीच्या नावावर ती खर्च करू नका.

आई-वडील कायदेशीर विभक्त असतील तर न्यायालयाचा आदेश जोडून सांभाळ करणाऱ्या पालकाचं उत्पन्न दाखवता येतं. नुसते वेगळे राहत असतील तर अवघड जातं. तहसील कार्यालयात प्रतिज्ञापत्र घेऊन समक्ष जा.

२०. अर्ज भरल्यानंतर बाबा गेले. आता घरात कमावणारं कोणी नाही. अर्जाचं काय होईल?

अर्ज चालू राहू द्या, रद्द करू नका. मृत्यूचा दाखला मिळाला की आईच्या नावाने उत्पन्नाचा नवा दाखला काढा. महाडीबीटीच्या प्रोफाइलमध्ये "वडील हयात आहेत का" हा रकाना असतो. पुढच्या नूतनीकरणाला तो बदला आणि दाखला जोडा. अनुसूचित जाती-जमातीत असाल आणि आधी अडीच लाखांच्या वर असलेलं उत्पन्न आता खाली आलं असेल, तर पुढच्या वर्षी फ्रीशिपऐवजी शिष्यवृत्ती लागू होऊ शकते. बाबा कामगार कल्याण निधी भरत असतील किंवा बांधकाम मंडळात नोंदलेले असतील, तर वारसांसाठीची मदतही तिथे विचारा. शैक्षणिक कर्ज चालू असेल तर त्याला विमा जोडलेला होता का, ते कर्जाच्या कागदांत बघा आणि बँकेला लेखी कळवा.

कॉलेजला या आठवड्यातच एक साधं पत्र द्या, फीला मुदत मागा. पत्र लिहिता येत नसेल तर टेबलावर या, किंवा रात्री मेसेज करा. आम्ही सोबत बसून लिहू.